लिओनार्दोची घार वाचायची कशी

इटलीतल्या तूरिन शहराच्या राजग्रंथालयात एक लहानशी वही आहे. १८ पानं, उंची साधारण २१ सेंमी, रुंदी १५ सेंमी, म्हणजे आपल्या ए-फाइव्ह वहीएवढीच. लिओनार्दो दा विंचीने ती १५०५ च्या आसपास भरली, आणि तिचा विषय एकच: पक्षी हवेत टिकतो कसा. तिच्यातली पानं इंटरनेटवर मिळतात, कॅलेंडरांवर छापून येतात. बहुतेक जण ती बघतात, ‘वा’ म्हणतात आणि पान उलटतात. त्यांचाही फारसा दोष नाही. पहिल्या नजरेला दिसतं ते गिचमिड लिखाण आणि समासात बोटाच्या पेराएवढे चार-पाच पक्षी. डोळा नाही, चोच जेमतेम, पिसं तर नावालाच.

यातला प्रत्येक पक्षी म्हणजे वाऱ्याची खूण आहे, हे कळलं की पान उलगडायला लागतं. पक्ष्याची छबी काढायला लिओनार्दो बसलाच नव्हता. वारा कुठून येतोय, पंखाच्या कुठल्या भागावर आदळतोय आणि पक्षी त्याला काय उत्तर देतोय, एवढंच त्याला मांडायचं होतं. कोकणात राहणाऱ्याला इथे एक फायदा आहे. या वहीत जो पक्षी नाव घेऊन येतो तो म्हणजे घार. इटलीत घारी दोन जातींच्या, तांबडी आणि काळी. त्यातली काळी म्हणजे आपल्या जेटीवर मासळीच्या टोपल्यांवर झेपावते तीच जात, फक्त उपजात वेगळी. चित्र घरात आणि मूळ नमुना बंदरावर, अशी सोय तूरिनच्या लोकांनाही रोज नसेल.

आधी पान नीट छापून घ्या

मोबाइलवर बघून काम होत नाही. स्क्रीनवर आपण आपोआप झूम करतो आणि प्रमाण हातचं जातं. पेराएवढा पक्षी तळहाताएवढा झाला की त्याची रेषा जाड, थरथरती आणि अडाणी वाटायला लागते. ती काढली आहे लहान आकारात, एका दमात, बोटांच्या हालचालीने. तेवढीच बघायला हवी.

झेरॉक्सवाल्याला सांगून रंगीत प्रत काढा, ९० ते १०० जीएसएमच्या बिनचकाकीच्या कागदावर. ‘फिट टू पेज’ बंद करायला सांगा, कारण बहुतेक दुकानांत तेच सुरू असतं आणि पान फुगून ए-फोर होतं. हातात आल्यावर पट्टी लावा: मूळ पानाची उंची २१ सेंमीच्या आसपास भरली पाहिजे. काळी-पांढरी प्रत घेऊ नका. काही पानांवर शाईच्या अक्षरांखाली लाल खडूतली पानंफुलं आहेत, ती राखाडी होऊन लिखाणात बुडून जातात. दुकानदार हौसेने ब्राइटनेस वाढवून कागद पांढराशुभ्र करून देईल, तेही नको. त्यात सगळ्यात फिक्या रेषा आधी जातात, आणि वाऱ्याच्या रेषा नेमक्या त्याच असतात.

चित्र उलटं तर छापलेलं नाही ना, हे तपासा. लिओनार्दो डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं लिहायचा. त्याची छायेची तिरकी रेघोटी वरच्या डाव्या कोपऱ्याकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरते, डावखुऱ्याचा हात तसाच सहज चालतो. तुमच्या प्रतीत अक्षरं सरळ वाचता येत असतील किंवा रेघोट्या उलट्या बाजूला झुकल्या असतील, तर कुणीतरी प्रतिमा फिरवली आहे. अशा प्रतीवर वाऱ्याची दिशाही उलटी होते आणि मग सगळा अभ्यास फुकट.

शाई आणि खडू: घरातल्या वस्तूंनी समजून घ्या

ती तपकिरी शाई मुळात तपकिरी नव्हती. ओकच्या झाडावर कीटकांमुळे येणाऱ्या गाठी, हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक यांची ती काळी शाई. लोह हवेत गंजत गेलं तशी शतकांनी तपकिरी झाली. त्या गाठी म्हणजे आपलं मायफळ. बाळगुटीच्या डब्यात आहे तेच, सहाणेवर उगाळतात ते. डब्यातल्या हिरड्यातही तशीच तुरट द्रव्यं असतात, म्हणून हिराकस घातलं की हिरड्याचंही पाणी काळं पडतं.

हौस असेल तर थोडी करून बघा. जुनं प्रमाण ३ भाग मायफळ, २ भाग हिराकस, १ भाग डिंक. १५ ग्रॅम मायफळ जाडसर कुटून १५० मिली पाण्यात काचेच्या बरणीत तीन-चार दिवस भिजवा, फडक्याने गाळा, त्यात १० ग्रॅम हिराकस आणि ५ ग्रॅम बाभळीचा डिंक विरघळवा. लिहिताना ती फिकी राखाडी दिसेल आणि बघता बघता काळी होईल. लोखंडी भांडं वापरू नका. हिराकस पोटात गेलं तर विषारी, म्हणून बरणीवर चिठ्ठी लावा आणि ती बाळगुटीच्या डब्यापासून लांब ठेवा. ही शाई फाउंटन पेनात भरली तर पेन संपलंच समजा.

लेखणी पिसाची. मोठ्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकाकडचं पीस तासून ती बनते, म्हणजे ज्याने उडायचं त्यानेच उडण्याचं चित्र काढलेलं. पाळीव बदकाचं किंवा हंसाचं पीस मिळालं तर टोक तिरकं कापून मध्ये बारीक चीर द्या. आपला बोरू घेतला तर रेषा सारख्या जाडीची येते. पीस मात्र दाबलं की फाकतं आणि सोडलं की मिटतं, त्यामुळे एकाच रेषेत जाड-बारीक होतं. हा फरक हाताला कळला की चित्रातली रेषा कुठून सुरू झाली ते डोळ्यालाही कळतं. सुरुवातीला शाईचा ओला ठिपका, पुढे फिकी होत जाणारी रेघ. लेखणी पुन्हा बुडवली की परत गडद. जिथे दोन-तीन रेषा एकमेकींवर आहेत तिथे त्याने पहिली रेषा खोडलेली नाही, शेजारी दुसरी काढली आहे. आपण खोडरबर शोधतो तिथे तो पुढे जातो.

लाल खडू म्हणजे लोहयुक्त मातीचा नैसर्गिक खडा, आपल्या गेरूचा सख्खा भाऊ. जांभ्याचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडमुळेच येतो. गेरूचा घट्ट खडा कागदावर ओढून बघा. कडेने ओढला तर मऊ छटा, कोनाने ओढला तर रेघ. ठिसूळ निघाला तर टाकून दुसरा घ्या, गेरूची प्रत दुकानागणिक बदलते.

पान वाचण्याचा क्रम

लिखाण सध्या विसरा. पान हातभर अंतरावर धरा आणि डोळे किलकिले करा. अक्षरं धूसर होतील, पक्ष्यांचे फक्त झुकाव राहतील. कुठला पक्षी चढतोय, कुठला घसरतोय, कुठला एका कुशीवर कललाय, एवढंच आधी ठरवा. दोन मिनिटं पुरतात.

मग प्रत्येक पक्ष्याभोवतीच्या एकेरी रेषा शोधा. काही वाऱ्याची दिशा दाखवतात, काही पक्ष्याचा मार्ग. चढता मार्ग बहुधा गिरक्यांचा, मळसूत्रासारखा. कधी शेजारी एखाद-दुसरं सुटं अक्षर दिसेल. ते आकृतीतल्या बिंदूचं नाव, भूमितीच्या वहीत आपण अ, ब, क देतो तसं. मजकुरात त्याच बिंदूंबद्दल वाद घातलेला असतो: भार इथे, वाऱ्याचा दाब तिथे, मग पक्षी कुठल्या बाजूला कलंडेल? पक्ष्याचा गुरुत्वमध्य आणि हवेचा विरोध जिथे एकवटतो तो बिंदू या दोन जागा वेगळ्या असतात, हे त्याला नेमकं कळलं होतं.

त्यानंतर पंख. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण पंख म्हणजे सपाट पंखा असा आपला समज. पंख हा हात आहे. खांदा, कोपर, मनगट, पंजा. पुढच्या कडेला जो ठळक कोन दिसतो तो कोपर नाही, मनगट. कोपर अंगालगत, पिसांत लपलेलं. मनगटाच्या पुढची लांब पिसं पंजाला जोडलेली, मनगट ते कोपर यांमधली पिसं त्या दोहोंमधल्या हाडाला. घार संथ तरंगते तेव्हा टोकाची पाच-सहा पिसं बोटांसारखी फाकलेली दिसतात. आणि मनगटापाशी आणखी एक चिमुकला पिसांचा झुबका असतो, अंगठ्यावरचा. घार उतरताना, वेग कमी करताना तो उचलते, त्यामुळे पंखावरून वाहणारी हवा सुटत नाही. दुर्बीण घेऊनही तो पटकन दिसत नाही. लिओनार्दोने तो नुसत्या डोळ्यांनी हेरला आणि त्याला पंखाचं सुकाणू मानलं.

हे किती अवघड होतं त्याचा अंदाज घ्यायचा तर एक साल लक्षात ठेवा: १८८२. त्या वर्षी फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे याने बंदुकीसारखा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला १२ चित्रं टिपली. तोवर पंखाची फडफड टप्प्याटप्प्याने कुणी गोठवून पाहिलीच नव्हती. पावणेचारशे वर्षं आधी लिओनार्दोकडे डोळे आणि चिकाटी. त्याने घारीसारखा कमी फडफडणारा पक्षी निवडला यामागचं हेही कारण असावं. ती हवेत जवळपास स्थिर राहते, नजरेला वेळ देते. चिमणीवर त्याने वही भरली असती तर आपल्याला आज फक्त फराटे मिळाले असते.

जिथे तो चुकला तिथे चुकला म्हणा, भक्तिभाव नको. पंख हवेला इतक्या जोरात दाबतो की खालची हवा दाटते आणि पक्ष्याला पेलते, असं तो समजत होता. पंखाच्या वर आणि खाली हवेचा दाब वेगळा पडतो, पंख हवेला खाली वळवतो, हे गणित पुढे कित्येक पिढ्यांनी मांडलं. आणखी एक घोटाळा वाचकाचा: वहीत जिथे ‘पक्षी’ म्हटलंय तिथे कधी कधी तो माणसाने उडवायच्या यंत्राबद्दल बोलतोय. त्या यंत्रासाठी त्याने नमुना सुचवला तो घारीचा नव्हे, वटवाघळाचा, कारण वटवाघळाच्या पंखाचं कातडं अखंड असतं, त्यातून हवा निसटत नाही. चित्रात दोऱ्या, दांडे, सांधे दिसले की पक्षी शोधत बसू नका.

आता बंदरावर

वहीतली एक नोंद अशी: घारीसारखे कमी फडफडणारे पक्षी वाऱ्याच्या शोधात फिरतात. वारा उंचावर असेल तर ते उंच दिसतात, खाली असेल तर खाली. वारा नसला की घार चार-सहा वेळा पंख मारून उंची घेते आणि मग न फडफडता लांबवर घसरत जाते. ही नोंद कोकणात एका सकाळीत पडताळता येते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पहाटेचे मतलई वारे आठ-नऊपर्यंत मंदावतात आणि खारे वारे अजून सुरू व्हायचे असतात. त्या मधल्या शांततेत घार बघा, ती पंख मारताना दिसेल. अकराच्या पुढे खारा वारा स्थिरावला की तीच घार पंख न हलवता टांगून राहते. दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटं मोजा, किती वेळा फडफडली ते लिहा. फरक आकड्यातच दिसेल.

जागा दोन प्रकारच्या हव्यात. एक जेटी: हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, मालवण, जिथे मासळी उतरते आणि घाण फेकली जाते तिथे. घारी खालून, पोटाकडून दिसतात, वळताना शेपटीचा पीळही दिसतो. दुसरी जागा समुद्राकडे तोंड केलेला कडा. रत्नदुर्गासारख्या टेकाडावर खारा वारा जांभ्याच्या भिंतीवर आदळून वर चढतो आणि घार त्या चढत्या हवेवर कठड्याच्या बरोबरीने तरंगते. तिची पाठ दिसते, पंख समोरून दिसतात, कधी आपण तिच्यावरून खाली बघतो. वहीतले जे कोन अशक्य वाटतात ते इथे सहज मिळतात. लिओनार्दोलाही फ्लॉरेन्सजवळच्या फिएसोलेच्या टेकड्या होत्या. १४ मार्च १५०५ ला तिकडे उडत जाणारा एक शिकारी पक्षी पाहिल्याची तारखेसकट नोंद त्याने केली आहे. कड्याच्या काठापासून दोन-तीन मीटर आत बसा. वर बघत मागे सरकणारा माणूस आणि जांभ्याची सैल कड, हे वाईट जोडपं आहे. भर दुपारी सड्यावरही घारी गिरक्या घेत चढतात, तो तापलेल्या कातळावरून उठणाऱ्या गरम हवेचा प्रताप.

शेपटीवरून घार ओळखा, नाहीतर भलत्याच पक्ष्याचा अभ्यास व्हायचा. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, पण पसरली की त्रिकोणी. खाडीच्या तोंडाशी दिसणारी पांढऱ्या डोक्याची, तांबूस अंगाची ती ब्राह्मणी घार, तिची शेपटी गोल. थंडीत येणारे कुरव लांब अरुंद पंखांचे, सरावाला उत्तम, पण वहीतल्या आकृत्यांशी जुळवायला घारच बरी.

दुर्बीण पहिली दहा मिनिटं वापरा आणि मग पिशवीत टाका. तिच्यात पक्षी मोठा होतो पण क्षितिज जातं, आणि क्षितिजाशिवाय पक्षी किती कललाय ते कळत नाही.

सोबत ए-फाइव्ह वही, २बी पेन्सिल किंवा गेरूचा खडा. खोडरबर घरी ठेवा. पानावर सगळ्यात आधी वाऱ्याचा बाण काढा. होडीवरचं निशाण, माडाच्या झावळ्या, चुलीचा धूर, जे दिसेल त्यावरून दिशा घ्या. मगच पक्षी. प्रत्येकाला १५ ते २० सेकंद, आकार ३ सेंमीच्या आत, एका बैठकीत ३० आकृत्या. क्रम असा: आधी अंगाची एक तिरकी रेघ, चोचीपासून शेपटीपर्यंत. तिच्यावर पंखांच्या पुढच्या कडा, मनगटाच्या कोनासकट. मग शेपटीचा कल. मागची कड शेवटी, जमली तर.

पहिली दहा चित्रं विमानासारखी येतात, दोन्ही पंख सारखे, कारण डोक्यात पतंग किंवा विमानच असतं. वळणाऱ्या घारीचा एक पंख आपल्याकडे झुकून आखूड दिसतो आणि दुसरा पूर्ण लांब. जे दिसतं तेवढंच काढा, पंख ‘असायला हवा’ तेवढा नको. अंग फार मोठं होतं हीदेखील नेहमीची चूक. घारीची लांबी साधारण ६० सेंमी आणि पंखपसारा दीड मीटरच्या आसपास, म्हणजे अंगाची रेघ एक बोट असेल तर पंख टोक ते टोक अडीच बोटं. पिसं मोजायच्या फंदात पडलात तर घार निघून जाते. पिसांचंच वेड असेल तर व्हिएन्नाच्या आल्बेर्तिना संग्रहालयात जर्मन चित्रकार ड्यूररने रंगवलेला नीलपंख पक्ष्याचा सुटा पंख आहे. आपल्या दसऱ्याच्या चासाचा तो युरोपातला भाऊबंद. पण तो पंख मेलेल्या पक्ष्याचा, टेबलावर ठेवलेला. त्यात वारा नाही.

घरी आल्यावर आपलं पान आणि छापलेलं पान शेजारी ठेवा. जिथे तुमची रेघ अडखळली, त्याच जागी त्याची रेघ काय करते ते बघा. मनगटाच्या कोनात तो जवळजवळ कधीच थांबत नाही, एका वळणात निघून जातो. आपण तिथे पेन्सिल उचलतो. आता हवं तर मजकुराचं भाषांतर वाचायला घ्या. आधी वाचलं असतं तर ते भौतिकशास्त्राचं जुनं पुस्तक वाटलं असतं.

छापील प्रती आगोटीच्या आत बंदिस्त करा. कोकणच्या पावसाळी हवेत कागद ओल धरतो, बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि इंकजेटची शाई फुटते. लॅमिनेशन करू नका, चकाकीने फिक्या रेषा मरतात. दोन कोऱ्या कागदांमध्ये पान सपाट ठेवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. गेरूने काढलेल्या तुमच्या पानांवर बटरपेपर ठेवा, नाहीतर एका घारीचा पंख दुसरीच्या पाठीवर उमटलेला सापडेल.